मामाचा आहेर कितीचा करायचा? आणि वर्षभराच्या देण्याघेण्याचं बजेट कसं बसवता तुम्ही लोक

धाकटा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी तीन बहिणींचा एकुलता भाऊ. दोघी मोठ्या, एक धाकटी. गाव कराडजवळ, राहायला हडपसरला. माझे हातात ६२ हजार येतात, बायकोचे २४, म्हणजे घरात ८६. त्यातून घराचा हप्ता २७,४००, पोराची शाळा, गावी आईवडलांना पाठवतो ते, आणि महिन्याला आठ हजार बाजूला टाकायचे असं ठरवलंय जे कधी टाकतो कधी नाही.

थोरल्या ताईच्या मुलीचं लग्न ठरलंय, एप्रिलच्या शेवटी. आनंदच आहे, पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. पण सुपारी फुटल्यापासून गावाकडे एकच विषय, मामा काय घालणार. आणि उत्तर पण सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलंय, एक तोळा. कारण २००२ ला ताईच्या लग्नात आमच्या मामाने तिला तोळ्याची चेन घातली होती आणि ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. आता सोनं गेल्या वर्षीच तोळ्याला लाखाच्या पार गेलं, त्यात घडणावळ, त्यात जीएसटी. माझ्याकडे लाख काढायला नाहीत असं नाही, एक एफडी आहे, पण ती पोराच्या नावाने ठेवलेली.

वर आणखी म्हणजे यंदा अधिक महिना आहे, १७ मे ते १५ जून. तीन जावई. वडील रिटायर्ड, म्हणजे जावयांचं वाण त्यांच्या नावाने आणि खर्च माझ्या नावाने. त्यांच्या डोक्यात तिघांना चांदीचं ताट आहे. चांदीचा भाव बघितलाय का कुणी इतक्यात??

म्हणून बसलो आणि गेल्या वर्षीचा हिशेब काढला यूपीआय उघडून. राखीला तिघींना दीड-दीड हजार म्हणजे ४,५००. भाऊबीजेला तीन साड्या ६,६०० आणि पाच भाचरांना कपडे ५,०००. धाकटीच्या मुलाचं जावळ होतं, मामाच्या मांडीवर, तिथे चांदीचं कडं, घरच्यांचे कपडे धरून १४,०००. अकरा लग्नं, ५०१ पासून २,१०० पर्यंतची पाकिटं, १२,६००. ऑफिसात वर्गणी निघते त्यात ३,०००. मेव्हण्याची वास्तुशांत ५,०००. पोराच्या वर्गातल्या मुलांचे वाढदिवस, १८ झाले, तीनशेच्या हिशेबाने ५,४००. झाले ५६,१००. कॅशमध्ये गेलेलं काय ते आठवत नाही.

तर दोन प्रश्न. एक, तोळ्याचं काय करू. दोन, हे सगळं वर्षाच्या सुरुवातीला आकडा ठरवून कुणी बसवतं का, आणि ठरवलेलं टिकतं का?

जुनी_वही

वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी नाशिकची, प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त. आमचे हे सात भाचरांचे मामा, तेव्हा तुमचं दुखणं मला नवीन नाही.

माझ्याकडे आहेराची वही आहे, १९८३ पासूनची, माझ्या स्वतःच्या लग्नाचा आहेर त्यात पहिल्या पानावर. स्टीलचे डबे, तांब्या-भांडं, कुणी ११ रुपये, कुणी २१. भांड्यांवर तर नाव-तारीख घातलेलीच असायची, त्यामुळे कोणी काय दिलं ते भांडं घासताना पण कळायचं. तर बहुतेक लोक ही वही चुकीची वापरतात. त्यांनी ५०१ दिले मग आपण ५०१. अहो १९८९ मध्ये ५१ रुपये देणाऱ्याच्या नातवाच्या लग्नात आज ५१ चं पाकीट देणार का? वही बघायची ती कोण आपल्याकडे किती जवळचं म्हणून आलं हे बघायला, आकडा आजचा घालायचा.

मी घरचे, जवळचे आणि हजेरीचे असे तीन भाग करते. हजेरीचे म्हणजे ज्यांच्याकडे आपण गेलो नाही तर कोणी विचारणार नाही पण गेलो तर बरं वाटेल. तुमची अकरा लग्नं बघा, त्यातली सात तरी हजेरीची असतील, आणि गंमत म्हणजे माणूस २,१०० नेमके तिथेच देऊन येतो, कारण पाकिटावर नाव लिहिताना शेजारी साहेब उभे असतात. हजेरीला एकच आकडा ठरवायचा वर्षभराचा, माझा ५०१ आहे, आणि पाडव्यालाच त्या हिशेबाची पाकिटं भरून कपाटात ठेवायची. भरलेलं पाकीट परत फोडून त्यात नोट वाढवायला माणूस कंटाळतो हा माझा अनुभव. पाडव्याला म्हणजे गुढीपाडव्याला, दिवाळीच्या नव्हे, दिवाळीत डोकं ठिकाणावर नसतं.

आणि साड्या देणं कमी करा. मी एकदा भाचीला साडी दिली, घाईत होते म्हणून फॉल मीच लावला, घरात मॅचिंग दोरा नव्हता म्हणून मोरपंखीवर निळा. चार वर्षांनी एका तिसऱ्याच घरच्या डोहाळजेवणाला ती साडी मला परत मिळाली, निळ्या दोऱ्यासकट. मी काही बोलले नाही. अजून नेसते.

तोळ्याबद्दल जाणकार सांगतीलच, मी एवढंच म्हणेन की मामाचं मुख्य म्हणजे पिवळी साडी. ती चांगली घ्या.

आकडेमोड_करणारा

मामा, तुमचा हिशेब नीट लावून बघितला. ५६,१०० भागिले १२ म्हणजे ४,६७५. म्हणजे महिन्याला पावणेपाच हजाराचा हप्ता तुम्ही आत्ताच भरताय, फक्त तो वर्षात पाच-सहा धक्क्यांनी बसतो म्हणून हप्ता वाटत नाही, संकट वाटतं. तुमच्या दोघांच्या वर्षाच्या पगाराच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतंय हे. तीन बहिणी आणि पाच भाचरं असलेल्या माणसाला मला हे उधळेपणाचं अजिबात वाटत नाही, उगाच अपराधी वाटून घेऊ नका.

पहिलं काम, बँकेत पाच हजाराची बारा महिन्यांची आरडी उघडा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कटणारी. पोस्टाची नको, ती पाच वर्षांची असते. चातुर्मासात लग्नं नसतात त्या चार महिन्यात आरडीला हात लागणार नाही आणि मार्गशीर्षापर्यंत बऱ्यापैकी जमलेलं असेल.

आता तोळा. २००२ ला सोनं तोळ्याला पाच हजारांच्या आसपास होतं. तुमच्या मामांचा तेव्हा पगार किती होता आठवतंय का कुणाला घरात? विचारून बघा. माझा अंदाज आहे की ती चेन त्यांना महिन्याभराच्या पगारात बसली असेल. आपल्याकडे आहेर रुपयात लक्षात राहत नाही, वजनात लक्षात राहतो. तोळा तो तोळाच, भाव कुठून कुठे गेला ते कुणी धरत नाही. त्यामुळे तुलना करायचीच असेल तर तोळ्याशी तोळ्याची करू नका, पगाराशी पगाराची करा.

अर्धा तोळा किंवा दोन ग्रॅम असले मधले मार्ग लोक सुचवतील. सोन्यावर ३ टक्के जीएसटी आहेच, आणि छोट्या वजनाला घडणावळ टक्केवारीत जास्त लागते, म्हणजे जितकं लहान तितकं महाग पडतं. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचं पण नाही, तेव्हा देणारच असाल तर दोन ग्रॅमच्या वरचं, हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर बघून, पावतीसकट. पावती ताईकडे द्या, तुमच्याकडे ठेवून उपयोग नाही.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हुंडाबंदीचा १९६१ चा कायदा आहे ना, त्यात नवरीकडच्यांनी नवरदेवाला दिलेल्या भेटींबद्दल स्पष्ट म्हटलंय की भेट रीतीला धरून असावी आणि देणाऱ्याच्या आर्थिक परिस्थितीच्या मानाने जास्त नसावी. आणि १९८५ च्या नियमांत तर भेटींची यादी ठेवायला सांगितलीये, वस्तू कोणती, अंदाजे किंमत, दिली कुणी, नातं काय. म्हणजे वरच्या ताईंची वही ही कायद्याच्या जवळपास जाणारी गोष्ट आहे :)

लग्नातल्या भेटींवर नवरा-नवरीला इन्कम टॅक्स नसतो, ती काळजी नको. वाढदिवस, वास्तुशांत यांना ही सूट नाही, तिथे नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात मिळून ५० हजाराच्या वर गेलं तर सगळंच टॅक्सेबल होतं. पण तुमच्या वास्तुशांतीला कोण देतंय ५० हजार.

बांधावरून

आमच्याकडं खटावला अजून माईकवर आहेर पुकारत्यात. टॉवेल-टोपी, शाल-नारळ, कुणाचा फेटा, कुणाची साडी, आणि मामाचं नाव आलं की माईकवाला आवाज चढवतो. माझं झालं २०१९ ला. बहिणीच्या पोरीला दागिना घालायचा म्हणून ८० हजार काढलं, बँकेतनं नाय, गावातनंच, तीन रुपये शेकड्यानं. महिन्याला २,४०० नुसतं व्याज. वर्षाला २८,८००. कांद्याची पट्टी आली की त्यातनं द्यायचं आणि पट्टीच अशी यायची की गाडीभाडं निघतंय का नाय. तीन वर्षं फेडत होतो.

माईकवर नाव किती वेळ घेतलं म्हणाल तर सात-आठ सेकंद.

तरी एक सांगतो, तुमच्या त्या आकडेवाल्या भाऊंचं पटतंय पण गावात पगाराशी पगार लावून कुणी बघत नाय. तुमचे वडील तिथं राहत्यात, पारावर बसत्यात, बोलणी त्यांना खावी लागत्यात. तुम्ही हडपसरला. म्हणून वडलांना आधी समजवा, जगाला नंतर.

दोन_भावांची_ताई

मी बहिणीच्या बाजूने लिहिते कारण आत्तापर्यंत सगळे मामाच बोलतायत.

माझ्या मुलीच्या लग्नात माझ्या मोठ्या भावाने तिला बांगड्या केल्या. मला विचारलं नाही, सरप्राईज. मी पण खूश, चार लोकांत मान वर. दोन वर्षांनी वहिनी बोलता बोलता बोलून गेली की त्यांनी त्यासाठी फ्लॅटच्या डाउन पेमेंटचे पैसे मोडले होते आणि फ्लॅट मग घेतलाच नाही. मी घरी येऊन रडले. मुलीशी बोलून भावाला म्हटलं या बांगड्या मोडून पैसे परत घे. तो इतका भडकला की आठ महिने बोलला नाही. म्हणजे बांगड्या पण राहिल्या, फ्लॅट पण गेला आणि राखीला पण आला नाही त्या वर्षी. आता बोलतो.

दादा, तू चार जणांना विचारतोयस, इथे विचारतोयस, ताईला विचारलंस का? थेट. सगळं गाव सांगतंय तोळा, ताई काय म्हणाली ते तुझ्या पोस्टमध्ये कुठेच नाहीये. आणि विचारताना "तुला काय हवं" असं विचारू नकोस, त्यावर कुठलीही बहीण "काही नको रे" म्हणेल आणि मग तू तोळाच घेशील. आकडा सांग. माझ्याकडे एवढे आहेत, यात काय करू, असं.

आणि आकडेमोड साहेब, चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून आरडीला हात लागणार नाही?? राखी, गौरी-गणपती, दिवाळी, भाऊबीज कशात येतं मग? भावाचं खरं दिवाळं चातुर्मासातच निघतं :D

आकडेमोड_करणारा

मान्य मान्य. मला बहीण नाही, त्यामुळे चुकलं.

डब्लिनकर

आमचं बजेट रुपयात नाही, किलोत असतं. २३-२३ किलोच्या दोन बॅगा, ४६ किलोत सगळं खानदान. पहिल्या दोन ट्रिपला सगळ्यांना चॉकलेटं नेली, ती जड पडतात, मुंबईच्या उकाड्यात वितळतात आणि घरी आई म्हणते ही तर इथे कोपऱ्यावर पण मिळतात. आता भाचरांना पैसे पाठवतो आणि बॅगेत फक्त आत्यासाठी चहा नेतो कारण ती खरंच पिते. मामाला सल्ला देण्याची माझी लायकी नाही, पण जेवढ्या लोकांना द्यायचं त्यांची नावं आधी लिहून काढली की निम्मी नावं आपोआप गळतात हे खरं आहे.

धाकटा_मामा

(मी त्याची बायको. लॅपटॉप उघडा ठेवून झोपलाय म्हणून लिहितेय.)

सगळं वाचलं. हिशेब छान मांडलाय, फक्त संक्रांतीचं वाण विसरलाय, २५ बायका, साठ रुपयांचा एकेक डबा, १,५०० झाले, ते माझ्या पगारातून गेले म्हणून यांच्या यूपीआयमध्ये दिसले नसतील. आणि वाढदिवसाचे १८ तीनशे हे पण मीच आणते, मी वर्षातून एकदा होलसेलमधून रंगपेट्या आणि गोष्टींची पुस्तकं उचलते म्हणून तीनशेत बसतं नाहीतर यांना विचाराल तर पाचशेच्या खाली काही दिसतच नाही दुकानात.

यादीत अजून एक बघा कुणी. बहिणींकडे राखी, भाऊबीज, जावळ मिळून तीस हजाराच्या वर. माझ्या माहेरी वास्तुशांतीला पाच, तेही मी दोन दिवस तोंड पाडून बसले तेव्हा. माझा भाऊ मला दरवर्षी भाऊबीजेला येऊन न चुकता ओवाळणी घालतो. मला तोळ्याचं दुःख नाही, भाची माझी पण लाडकी आहे. पण बजेट ठरवायचं असेल तर दोन्ही घरांचं एका कागदावर ठरवा आणि ठरवताना मला खुर्चीवर बसवा, स्वयंपाकघरात नाही.

आणि अधिक महिन्याचं. जावयाला ३३ अनारसे द्यायचे असतात. तीन जावई. ९९. मी आत्ताच सांगून ठेवते, ९९ अनारसे मी तळणार नाही. तीन दिवस तांदूळ भिजवा, वाटा, गुळात मळा, आणि तुपात सोडला की अर्धे हसतात. विकत आणा नाहीतर आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगा.

जुनी_वही

सूनबाई, तुमच्यासारखी एक खमकी घरात असली की अर्धं बजेट तिथेच बसतं.

अधिक मासाचं सांगते, कारण यात उगाच चांदी घुसलीये. मूळ रीत आहे ती ३३ अनारसे आणि दिव्याची. अनारसे नसतील तर बत्तासे चालतात, म्हैसूरपाक चालतो, जाळीदार पदार्थ हवा एवढंच. ताट तांब्याचं, निरांजन तांब्याचं किंवा पितळेचं. चांदी ही हौस. माझ्या वडलांनी आमच्या ह्यांना पहिल्या अधिक महिन्यात तांब्याचा तांब्या आणि त्यावर दिवा दिला, तो तांब्या आजही पाणी प्यायला आहे. चांदीचं ताट कुठल्या जावयाने रोज जेवायला काढलंय ते मला दाखवा. बँकेच्या लॉकरमध्ये जातं आणि लॉकरचं भाडं लेकीला.

तिघांना सारखंच द्या मात्र. एकाला चांदी एकाला तांबं असलं करू नका, त्याने आयुष्यभराचं होतं.

धाकटा_मामा

तीन आठवड्यांनी लिहितोय. आधी वरची बायकोची पोस्ट सकाळी वाचली तेव्हा चहा सांडला होता. असो, खुर्ची दिली.

दोघांनी बसून कागद केला. वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला पाच, आरडी चालू केली. त्यात दोन्ही घरं आली, मेव्हण्याला पण आता बहिणींइतकंच, बोलणं मिटलं. हजेरीची पाकिटं ५०१ ची भरून ठेवलीत, पाडव्याची वाट न बघता. ऑफिसची वर्गणी मात्र कमी करता येत नाही, तिथे यादी फिरते आणि वरच्याने पाचशे लिहिले की खालच्याने दोनशे कसे लिहायचे. त्याला अजून उपाय सापडला नाही. भाचीचं लग्न या साठात धरलं नाही, ते वेगळं, त्याला कमाल ४५ हजार. हा आकडा कसा आला तर मामाला फोन केला. तेव्हा ते साखर कारखान्यात कारकून होते, पगार सहा हजाराच्या आत-बाहेर. म्हणजे आकडेमोड साहेबांचा अंदाज बरोबर निघाला, महिन्याच्या पगाराच्या आत चेन आली होती. वर मामा म्हणाले की त्यातले दोन हजार त्यांनी सोसायटीतून उचललेले आणि हे मामीला आजपर्यंत माहीत नाही, तू पण सांगू नको. माझा पगार ६२, त्यांच्यावर घराचा हप्ता नव्हता माझ्यावर आहे, म्हणून ४५ वर थांबलो.

मग ताईकडे गेलो. सांगितलं तसं आकडाच सांगितला. पहिल्यांदा ती गप्पच झाली, मला वाटलं झालं, तुटलं आता. उठून आत गेली, चहा टाकला, तिथूनच बोलली की दागिन्यांचं आमचं झालंय, तोळा तोळा कोण करतंय, तुला मी बोलले का. मग बाहेर येऊन हळूच म्हणाली, केटरर लग्नाच्या महिनाभर आधी ३० हजार ॲडव्हान्स मागतोय, दाजींचे पैसे हॉलमध्ये अडकलेत, सोसायटीतून कर्ज काढायचं चाललंय. जमलं तर तेवढं तू बघ, पण दाजींसमोर बोलू नको, त्यांना कमीपणा वाटेल, मी माझ्या भिशीचे म्हणून देईन.

म्हणजे मी इकडे तोळ्याच्या नावाने झोप घालवतोय आणि तिकडे तिला ३० हजाराची नड होती आणि दोघं पण बोलत नव्हतो.

तर आता पिवळी साडी आणि जोडवी ९,५००, केटरर ३०,०००, जावईबापूंचा पोशाख ३,०००. ४२,५००. एफडीला हात लावला नाही. जावयांच्या वाणाला तांब्याची ताटं-निरांजनं बघितली, तीनही सारखी. अनारसे विकत, त्यावर आईचा आणि बायकोचा तह झालाय, तिघांना ३३-३३ विकतचे आणि देवापुढचे पाच घरी तळायचे.

अडकलंय ते वडलांपाशी. त्यांना केटररचं सांगता येत नाही कारण ताईला शब्द दिलाय, आणि न सांगता त्यांना दिसतंय काय तर साडी आणि जोडवी. रोज फोन. कालचं वाक्य, "अरे पण माईकवर सांगायचं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. बांधावरून, तुम्ही सांगा काही.

दोन_भावांची_ताई

शाब्बास. आणि दाजींना कळणारच आहे कधीतरी, पण लग्नानंतर कळू दे.

बांधावरून

सोपंय. आमच्या इथं दोन वर्षांपासून आम्ही हेच करतोय. माईकवाल्याला आधी गाठायचं, चहा पाजायचा, खिशात शंभराची नोट घालायची आणि कागदावर लिहून द्यायचं, "नवरीच्या मामांकडून पूर्ण आहेर पोच." वस्तू नाय, वजन नाय, आकडा नाय. आणि हे म्हणताना आवाज चढवायला सांगायचा. पूर्ण म्हंजे किती ते आजपातूर कुणी विचारलं नाय. वडलांना पण हेच सांगा, आणि त्यांना पारावर सांगायला आणखी एक द्या, की तोळ्याचं आता जुनं झालं, पुण्यात पूर्ण आहेरच करत्यात.